वाजवणारे मास्तर : जॅझमधले गिटार आणि बेसवाले

खर्जातला | रविवार, रात्री ९:४०

परवा माळा आवरताना कॅसेटांच्या खोक्याच्या तळाशी एक झेरॉक्स सापडली. जॅझ बेसवाला रे ब्राउन, त्याच्या बेस शिकवायच्या पुस्तकाची तीसेक पानं. झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिचीही बहुधा झेरॉक्सच. स्वरलिपीच्या पाच रेघांपैकी चारच उमटल्यात, पाचवी आपली आपण समजून घ्यायची. समासात माझ्या सरांची पेन्सिल. एके ठिकाणी 'हळू', एके ठिकाणी 'कमी वाजव', आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात त्यांचा सात आकडी फोन नंबर.

सर माझगावला राहायचे. हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आयुष्यभर बेस वाजवला, म्हणजे डबल बेस, माणसाएवढं उभं वाद्य. १९९४ ते ९७ मी दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जायचो. फी महिन्याला ₹१०० आणि येताना कोपऱ्यावरच्या इराण्याकडून चार ब्रून. पहिले तीन महिने एकच काम दिलं होतं. मेट्रोनोम ५० वर ठेवायचा आणि त्याची प्रत्येक टिक ही दुसरी आणि चौथी मात्रा आहे असं धरून वाजवायचं. पहिली आणि तिसरी आपल्या मनात. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. दोन मिनिटांत आपली पहिली मात्रा अलगद त्या टिकवर जाऊन बसते आणि आपल्याला पत्ताच नसतो. सर काही बोलायचे नाहीत, चष्म्यावरून बघायचे आणि ब्रून चहात बुडवायचे.

तर विषय असा. जॅझमध्ये नाव होतं ते ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांचं. मागे उभा असलेला बेसवाला आणि बाजूला बसलेला गिटारवाला कव्हरच्या मागच्या बाजूला, बारीक टाइपात. त्यातून जे शिकवायचे त्यांची आठवण त्यांच्या विद्यार्थ्यांपुरती. माझं मत असं की सगळ्यात चांगले मास्तर याच दोन वाद्यांतून निघाले, कारण यांचा निम्मा वेळ दुसऱ्याचं वाजणं सावरण्यातच जातो. तुम्हाला माहीत असलेले, ऐकलेले, ज्यांच्याकडे शिकलात ते सांगा. पटत नसेल तर भांडा.

शंकासुर | रविवार, रात्री ९:५२

आधी ठरवा, जॅझ की जाझ? मागच्या वेळी यावरच १४० प्रतिसाद झाले होते.

मेघना_वि | रविवार, रात्री १०:३०

शंकासुर, नको!! :)

मी गिटारवाल्या मिक गुडरिकचं नाव घेते. बॉस्टनला असताना माझी रूममेट गिटार शिकत होती, तिच्या टेबलावर त्याचं 'द ॲडव्हान्सिंग गिटारिस्ट' कायम उघडं असायचं. १९८७ चं पुस्तक. मी गिटारवाली नाही, पण चाळलं आणि चकित झाले, कारण त्यात 'हे असं वाजवा' फार कमी आहे. प्रश्नच जास्त. सुरुवातीलाच तो म्हणतो की बाकीच्या तारा विसरा आणि एकाच तारेवर वाजवा. वर-खाली, पूर्ण गळाभर. रूममेट पंधरा दिवस तेच करत होती. भिंतीपलीकडच्या शेजारणीने एकदा दार वाजवून विचारलं, 'तार तुटलीय का? मी आणून देऊ का?'

हा माणूस ७० च्या दशकात गॅरी बर्टनच्या बँडमध्ये होता. त्याच बँडमध्ये विशीतला पॅट मेथेनी आला, म्हणजे दोन-दोन गिटार. त्याच्याकडून शिकलेल्यांत जॉन स्कोफिल्ड, बिल फ्रिझेल, माइक स्टर्न. तिघांचं एकेक मिनिट ऐका, एकासारखा दुसरा वाजत नाही. मला याचंच जास्त अप्रूप वाटतं. २०२२ मध्ये गेला. स्वतःच्या नावावरचे अल्बम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

बाजतार | रविवार, रात्री ११:०५

एका तारेवर वाजवायचं हा शोध १९८७ चा?? अहो मेघनाताई, आम्ही सतारवाले पहिल्या दिवसापासून दुसरं काय करतो? बाजाची तार आणि डावा हात. गुरुजींनी पहिलं वर्ष दुसऱ्या तारेला बोट लावू दिलं नव्हतं. (हलके घ्या.)

मेघना_वि | रविवार, रात्री ११:२०

मला वाटलंच होतं कोणीतरी येणार. पण फरक आहे. सतारीची घडणच एका तारेवर धावायची. गिटारवाल्याचा हात सहा तारांवर आडवा चालतो, चार-पाच पडद्यांच्या चौकटीत. एकदा त्या चौकटी बोटांत बसल्या की बोटंच वाजवतात, कान झोपी जातो. एका तारेवर आणलं की चौकट उरत नाही, पुढचा स्वर किती लांब आहे ते ऐकूनच शोधावं लागतं. तुमच्यासाठी ती पहिली पायरी आहे. त्याने ती दहा वर्षं वाजवलेल्यांना परत चढायला लावली.

बाजतार | रविवार, रात्री ११:२६

पटलं. दंडवत. सणसणीत उत्तर.

खर्जातल्यांच्या मूळ मुद्द्याला मात्र आमच्याकडूनही दुजोरा. साथीदारांनी कलावंत घडवणं आपल्याकडेही आहे. अमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ भेंडीबाजारचे सारंगिये. मुलाला आधी सारंगीच शिकवली होती. सारंगियाला दहा गवयांच्या मागे बसून दहा जणांची गायकी पाठ असते. मैफलीत मात्र मान खाली.

पार्लेकर_बाप्पा | सोमवार, सकाळी ७:१५

सगळं छान, पण जरा भाबडं चाललंय. वेस माँटगोमेरीला कुठल्या मास्तरने शिकवलं? नोटेशन वाचता येत नव्हतं. विशीच्या आसपास गिटारवाल्या चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्डी ऐकून सोलो जसेच्या तसे बसवले आणि क्लबमध्ये तेवढेच वाजवायची नोकरी मिळाली. दिवसा कारखान्यात वेल्डिंग. पिक (तार छेडायची छोटी पट्टी) वापरला तर आवाज मोठा होतो, घरच्यांना त्रास म्हणून अंगठ्याने वाजवायला लागला आणि त्यातूनच तो मऊ आवाज आला. जगातल्या प्रत्येक जॅझ गिटारवाल्याने पुढे त्याची नक्कल केली. शाळा काढून असला माणूस तयार होत नाही.

शंकासुर | सोमवार, सकाळी ९:०२

म्हणजे एकलव्यच की. फक्त याने अंगठा दिला नाही, अंगठ्यावरच सगळं कमावलं.

खर्जातला | सोमवार, सकाळी ९:३०

शंकासुर, हे वाचून ट्रेनमध्ये एकटाच हसलो. शेजारचे काका सरकून बसले.

न्यू_जर्सीचे_नाना | सोमवार, संध्याकाळी ६:१०

बाप्पा, एकलव्यालासुद्धा मातीचे द्रोण लागले होते. वेसचे द्रोण चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्डीत होते, एवढंच.

इकडची थोडी माहिती देतो. १९५७ ते १९६० या चार वर्षांत मॅसेच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावी दर ऑगस्टला तीन आठवड्यांची जॅझची शाळा भरायची. संचालक पियानिस्ट जॉन लुइस. बेस शिकवायला रे ब्राउन, पर्सी हीथ असली माणसं, गिटारला जिम हॉल. १९५९ च्या वर्गात एक हंगेरियन गिटारवाला शिष्यवृत्तीवर आला, ॲटिला झोलर. त्याचे खोलीतले सोबती कोण, तर सॅक्सोफोनवाला ऑर्नेट कोलमन आणि ट्रम्पेटवाला डॉन चेरी! रात्री त्या खोलीत काय चालत असेल, मला तर विचारानेच गुदगुल्या होतात.

झोलर पुढे स्वतः शिकवायला लागला. दहाएक वर्षांनी एका शिबिरात मिसूरीहून आलेला पंधरा वर्षांचा पोरगा त्याच्या हाताखाली होता. झोलरने त्याला न्यू यॉर्कला बोलावलं आणि जिम हॉल आणि बेसवाल्या रॉन कार्टरची गाठ घालून दिली. पोरगा म्हणजे पॅट मेथेनी. १९९९ मध्ये जिम हॉल आणि मेथेनीचा दोघांचाच अल्बम आला. म्हणजे आजोबागुरू आणि नातूशिष्य एका रेकॉर्डवर. मेघना, तुमच्या गुडरिकपर्यंत पोचायच्या आधीच पोराचे हात असे दोन-तीन जणांनी घडवलेले होते.

जिम हॉलबद्दल आणखी एक. १९६२ चा बिल इव्हान्सबरोबरचा जोडअल्बम काढा. फक्त पियानो आणि गिटार, बेस नाही, ड्रम नाहीत. इव्हान्सचा सोलो सुरू झाला की हॉल एका ठिकाणी नुसते चार ठोके देतो, प्रत्येक मात्रेला एक झंकार, बस. ॲम्प्लिफायर इतका बारीक की तारेवर पिक घासल्याचा खरखर आवाजसुद्धा ऐकू येतो. तेवढ्यावर पियानो असा सुटतो की मागे पूर्ण बँड आहे असं वाटावं. खर्जातले म्हणतात ते 'दुसऱ्याला सावरणं' म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

मोनो_स्टिरिओ | सोमवार, संध्याकाळी ६:३३

वाचनखूण साठवली. नाना, लिहीत राहा.

माजोर्डेकर | सोमवार, रात्री ८:४५

गोव्याचं कोणी कसं नाव घेत नाही? आमच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. प्यारेलाल त्यांचे शिष्य. शिष्याने गुरूचं नाव थेट हिंदी सिनेमातल्या गाण्यात घातलं, १९७७ साली, आणि ते अख्ख्या देशाच्या तोंडी झालं. गुरुदक्षिणा असावी तर अशी!

पार्लेकर_बाप्पा | सोमवार, रात्री ८:५०

ते व्हायोलिनचे. धागा गिटार आणि बेसचा आहे.

माजोर्डेकर | सोमवार, रात्री ८:५८

चार तारा व्हायोलिनला, चार तारा बेसला. बेस म्हणजे जेवून सुस्तावलेलं व्हायोलिन. चालवून घ्या.

बरं, मग गिटार घ्या. अमान्सियो डिसिल्वा. जन्म १९३६, मुंबईचा, घराणं गोव्याचं. ६० च्या दशकात लंडनला गेला. १९६९ मध्ये जमैकाचा सॅक्सोफोनवाला जो हॅरियट आणि याचा मिळून 'हम दोनो' नावाचा अल्बम निघाला. नाव हिंदी, रेकॉर्ड इंग्लंडची, आणि त्यात गोव्यासाठी म्हणून एक संथ चीज आहे. ती मी रात्री दारं-खिडक्या लावून ऐकतो. गिटार मध्येच सतारीसारखी स्वर ओढायला लागते, पण 'बघा मी पूर्वेकडचा' असा आव कुठे नाही. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी गिटार शिकवलीही. १९९६ ला गेले. आमच्याकडे किती जणांना माहीत आहेत? माझ्या काकांना मी सांगितलं तर म्हणाले, 'कोणाचा रे तो? कुठल्या वाड्यावरचा?'

कलकत्ता_रिटर्न | सोमवार, रात्री १०:२०

काकांचा प्रश्न जबरी :D

मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं कलकत्त्यात होतो, म्हणून कार्लटन किटोंबद्दल लिहिलंच पाहिजे. जन्म १९४२, बंगळूरचे अँग्लो-इंडियन, पण आयुष्य गेलं कलकत्त्यात. पार्क स्ट्रीटला रात्री नाच-गाणं जोरात होतं त्या काळापासूनचे. शहराची हवा बदलली, क्लबमधले बँड गेले, जो तो रॉककडे किंवा सिनेमाकडे वळला. हे मात्र शेवटपर्यंत बीबॉपच (वेगवान, गुंतागुंतीचा जॅझ) वाजवत राहिले. पोटापाण्याला शिकवणं, कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिकमध्ये आणि घरी.

मी त्यांना दोनदाच ऐकलं. दुसऱ्या वेळी हॉलमध्ये पन्नास माणसंही नसतील. सूट, टाय, पोटाशी मोठी पोकळ गिटार. त्यांच्या पुढे-मागे वाजवणाऱ्या पोरांतले बरेच त्यांच्याकडेच शिकलेले असावेत, कारण यांनी मान हलवली की ती पोरं वळायची. एका पोराने सोलोत फारच धावपळ केली तेव्हा किटोंनी मागची कॉर्ड वाजवायचीच थांबवली. नुसती शांतता. पोरगा आपोआप खाली आला. रागावले नाहीत, हसून परत सुरू केलं. २०१६ मध्ये गेले.

टिपकागद | मंगळवार, दुपारी १:०५

सगळ्यांचा सूर 'शिकवणं किती थोर' असा लागलाय म्हणून मुद्दाम विरुद्ध बाजू घेतो. शिकवण्याने वाजवणं मरतं. टेड ग्रीन घ्या. १९७१ मध्ये, पंचविशी गाठताना, 'कॉर्ड केमिस्ट्री' लिहिलं, अजून विकलं जातं. लॉस एंजेलिसकडच्या आपल्या फ्लॅटमध्ये पुस्तकांच्या आणि गिटारींच्या ढिगात बसून वर्षानुवर्षं शिकवण्या. एकट्या गिटारवर तीन जण वाजवतायत असं वाटायला लावणारा माणूस. आणि स्वतःच्या नावावर अल्बम किती? एक. १९७७ चा. २००५ मध्ये, साठीही न गाठता गेला. माझ्या मते हे नुकसान आहे, सरळसरळ.

दुसरं उदाहरण. पियानिस्ट ऑस्कर पीटरसन आणि रे ब्राउनने १९६० मध्ये टोरांटोत शाळा काढली होती. तीन-चार वर्षांत गुंडाळली, कारण दौरे. दोन्हीला एकच दिवस पुरत नाही.

मेघना_वि | मंगळवार, दुपारी १:४०

टेड ग्रीनच्या बाबतीत मी नुकसान म्हणणार नाही. त्याने हाताने लिहून दिलेली धड्यांची पानं विद्यार्थ्यांनी जपून ठेवली आणि तो गेल्यावर जालावर सगळ्यांसाठी मोफत ठेवली. शेकड्यांनी आहेत. कॉर्डच्या चौकटी हाताने आखलेल्या, सुबक अक्षर. अल्बम एक असेल, पण ती पानं उघडून आज कोल्हापुरातला पोरगाही बसतो.

टिपकागद | मंगळवार, दुपारी १:४४

कोल्हापुरातला पोरगा पानं उघडतो, मला ती ऐकायची आहेत. हा माझा हट्ट समजा.

न्यू_जर्सीचे_नाना | मंगळवार, संध्याकाळी ५:५५

टिपकागद, रॉन कार्टरचं काय करायचं? न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजात वीसेक वर्षं शिकवलं आणि गिनीजच्या नोंदीत २०१५ पर्यंत २,२२१ रेकॉर्डिंग. कोणाचं काय मेलं?

पण तुमच्या मुद्द्यामागे एक कारण आहे ते सांगायला हवं. ६० च्या दशकात रॉक आलं, क्लब बंद पडायला लागले, जॅझवाल्यांचं काम आटलं. कॉलेजांत मग जॅझचे विभाग सुरू झाले आणि पगार, विमा, पेन्शन मिळायला लागलं. पुष्कळ जण आवडीने गेले, पुष्कळ जण घरभाड्यासाठी. यात वाईट काही नाही.

आणि गिटारवाला जॉनी स्मिथ. १९५२ मध्ये सॅक्सोफोनवाल्या स्टॅन गेट्झबरोबरच्या रेकॉर्डने नाव गाजलेलं, न्यू यॉर्कच्या स्टुडिओंत मागणी. पत्नी वारली, पदरात लहान मुलगी. १९५८ मध्ये हा माणूस सगळं सोडून कोलोरॅडो स्प्रिंग्जला निघून गेला, वाद्यांचं दुकान टाकलं आणि शिकवत बसला. मुलगी वाढवायची होती. ९० वर्षांचा होऊन २०१३ मध्ये गेला. यात नुकसान कोणाचं आणि फायदा कोणाचा, हिशोब मांडून बघा.

मी स्वतः ९० च्या दशकात इथे न्यू जर्सीतल्या वेनजवळ राहायचो. तिथल्या विल्यम पॅटर्सन विद्यापीठात रुफस रीड जॅझचे प्रमुख होते, १९७९ पासून वीस वर्षं. मूळचा ट्रम्पेटवाला, हवाई दलाच्या बँडमध्ये असताना बेसकडे वळला. १९७४ मध्ये जॅझ बेससाठी धड पुस्तक नाही म्हणून स्वतःच लिहिलं. रविवारी दुपारी मैफल असायची, आधी विद्यार्थ्यांचा बँड. मी पोरांपेक्षा रीडसाहेबांकडे बघायचो. विंगेत उभे, उजव्या हाताची दोन बोटं पँटवर चालू.

टिपकागद | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

जॉनी स्मिथपुढे बोलायला काही नाही. कार्टरही मान्य. टेड ग्रीनवर मात्र ठाम.

सुलभा_के | मंगळवार, रात्री ९:१५

बायकांचं एकही नाव नाही अजून, म्हणून लिहायला बसले.

कॅरल के, जन्म १९३५. चौदाव्या वर्षापासून गिटारच्या शिकवण्या, कारण घरात पैसे नव्हते. पुढे लॉस एंजेलिसच्या क्लबांत बीबॉप गिटार. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही, हिला म्हटलं तू वाजव, आणि नंतर अमेरिकेतल्या पॉपचा निम्मा बेस हिच्या हातचा. १९६९ मध्ये इलेक्ट्रिक बेस शिकवायचं पुस्तक काढलं. उतारवयातही शिकवणं चालूच. २०२५ मध्ये रॉकवाल्यांच्या हॉल ऑफ फेमने निवडलं तर बाईंनी 'मी येणार नाही' सांगून टाकलं.

मेरी ऑसबोर्न. नॉर्थ डकोटात चार्ली ख्रिश्चनला प्रत्यक्ष ऐकून इलेक्ट्रिक गिटारकडे वळली. न्यू यॉर्क गाजवलं, मग १९६८ मध्ये नवऱ्याबरोबर बेकर्सफिल्डला गेली आणि तिथे शिकवलं. आणि गिटारवाली एमिली रेम्लर, जी शिकवण्याच्या व्हिडिओंत इतक्या सहज बोलते की आपल्या ओळखीचीच वाटते. १९९० मध्ये ३२ व्या वर्षी गेली. तो व्हिडिओ बघताना मला मध्येच थांबवावा लागतो.

मोनो_स्टिरिओ | मंगळवार, रात्री ९:३०

सुलभाताई +१. रेम्लरचा व्हिडिओ पहिल्यांदाच बघतोय. ती कॅमेऱ्याकडे बघून हसते आणि पाय एक सेकंदही चुकत नाही. आधी पाय बघा, मग हात.

विस्कॉन्सिनची_थंडी | बुधवार, पहाटे ४:५०

बेसवाल्या रिचर्ड डेव्हिसबद्दल कोणी लिहील म्हणून वाट बघत होते. शिकागोचे, हायस्कुलात कॅप्टन वॉल्टर डायेट नावाचे कडक शिस्तीचे बँडमास्तर मिळाले. शास्त्रीय बेसही पक्का, पण त्या काळात काळ्या माणसाला सिंफनीत जागा मिळणं जवळजवळ अशक्य. मग न्यू यॉर्क. जॅझमध्ये एरिक डॉल्फीबरोबर वाजवलं, शास्त्रीय संगीतात संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या हाताखाली वाजवलं. आणि १९७७ मध्ये इथे मॅडिसनला, बर्फात, प्राध्यापक म्हणून आले ते २०१६ पर्यंत. ३९ वर्षं! १९९३ मध्ये लहान मुलांना बेस शिकवायची संस्था काढली. ईस्टरच्या सुमाराला दर वर्षी गावात पोरं आपल्या उंचीपेक्षा मोठी वाद्यं ओढत चाललेली दिसायची. माझ्या मुलीची मैत्रीण त्यात होती. तिचा बेस निम्म्या मापाचा, तरी तिच्या वडिलांच्या गाडीचं मागचं दार बंद व्हायचं नाही, म्हणून ते बर्फातसुद्धा दोरीने बांधून आणायचे. २०२३ मध्ये डेव्हिस गेले.

शंकासुर | बुधवार, सकाळी ८:४०

विरार लोकलमध्ये डबल बेस नेता येईल का, हा प्रश्न फार दिवस मनात आहे.

खर्जातला | बुधवार, सकाळी ९:१०

नेलाय. १९९६, सरांचा, माझगावहून अंधेरीला. लगेजच्या डब्यात, दुपारी. एक कोळीणताई टोपलीवर बसल्या होत्या, त्यांनी हात लावून बघितला आणि विचारलं, 'आत काय आहे?' सर म्हणाले, 'काही नाही, पोकळ आहे.' त्या म्हणाल्या, 'मग एवढा जपतोस कशाला?' सर पुढचे सहा महिने हे सगळ्यांना सांगायचे.

पार्लेकर_बाप्पा | बुधवार, दुपारी २:३०

मी वेसवरून वाद घातला होता, थोडा मागे येतो. काल रात्री गिटारवाल्या पॅट मार्टिनोबद्दल वाचत बसलो. १९८० मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि स्मृती गेली. गिटार वाजवता येत होती हेसुद्धा आठवेना. वडील घरी त्याच्याच जुन्या रेकॉर्डी लावायचे. हळूहळू त्या ऐकत तो परत शिकला, १९८७ मध्ये पुन्हा अल्बम आला, पुढे वर्षानुवर्षं वाजवलं आणि शिकवलंही. २०२१ मध्ये गेला. स्वतःचाच विद्यार्थी.

आणि गंमत म्हणजे लहानपणी तो फिलाडेल्फियात डेनिस सँडोलकडे शिकलेला. सँडोल गिटारवाला, पण त्याच्याकडे जॉन कोलट्रेनही शिकला, ४० च्या दशकात. गिटारवाल्याकडे सॅक्सोफोनवाला! वाद्य शिकवायचंच नव्हतं म्हणा त्याला. तेव्हा मास्तर लागतात. माझी हार.

बाजतार | बुधवार, दुपारी २:४१

बाप्पांनी हार मानली?! स्क्रीनशॉट काढलाय. आणि सारंगियाचा मुद्दा परत आलाच की.

पार्लेकर_बाप्पा | बुधवार, दुपारी २:४५

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सुलभा_के | बुधवार, रात्री ८:१०

हार मानलेला प्रतिसाद वर तसाच आहे बाप्पा, आता काढून काय उपयोग :)

खर्जातले, एक विचारायचं होतं. तुमचे सर आता कुठे आहेत? पहिल्या पोस्टपासून मी त्याचीच वाट बघतेय.

खर्जातला | बुधवार, रात्री ९:००

सुलभाताई, नेमकं तेच मला माहीत नाही. ९७ मध्ये माझी बदली झाली, मग लग्न, मग वाद्य कपाटावर. परत आलो तेव्हा त्यांच्या घराला कुलूप होतं. तेव्हाच सत्तरीचे होते. मी नीट चौकशी केली नाही, हे कबूल करतो. धागा काढायचं खरं कारण बहुधा हेच.

मोनो_स्टिरिओ | बुधवार, रात्री ९:०६

नंबर आहे ना समासात? सात आकडी असेल तर पुढे २ लावा. २००२ मध्ये मुंबईचे एमटीएनएलचे सात आकडी नंबर तसेच आठ आकडी झाले होते.

न्यू_जर्सीचे_नाना | बुधवार, रात्री ९:१५

लावा आणि कळवा. मी इथे ऑफिसात कामाचं सोंग घेऊन बसलोय.

खर्जातला | गुरुवार, दुपारी १२:२०

लावला. लागला! एका मुलीने उचलला आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, 'बारावी कॉमर्स की एफवाय?' त्या जागेत आता कॉमर्सचे क्लास आहेत, फोन जागेबरोबर आला. सरांचं नाव सांगितलं तर तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मोठं व्हायोलिनसारखं वाद्य वाजवायचे. ती म्हणाली, 'थांबा, वॉचमनकाका जुने आहेत, त्यांना विचारते.' पाच मिनिटं मी फोन धरून. मागे कोणीतरी डेबिट-क्रेडिट शिकवत होतं, एका लयीत. वॉचमनकाका जेवायला गेले होते. उद्या चारनंतर परत करायला सांगितलंय.

तोपर्यंत बेस कपाटावरून खाली काढलाय. मेट्रोनोम ५० वर, दुसरी आणि चौथी. दोन मिनिटांत पलटी.

टिपकागद | गुरुवार, दुपारी १२:३१

चारनंतर नक्की करा. विसरू नका.

शंकासुर | गुरुवार, दुपारी १२:३४

आणि फी विचारलीत का क्लासची?

खर्जातला | गुरुवार, दुपारी १२:४०

विचारली. वर्षाची एकरकमी भरायची. ब्रून चालत नाहीत.